जिथे अडसर, तिथे दार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



गेल्या पावसाळ्यात एक दिवस मी पिवळा झालो होतो. कावीळ नव्हती. मधुमेहाला बारा वर्षं झाली, आता एकदा डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून पाहू, असं डॉक्टर म्हणाल्या. हाताच्या शिरेत नारिंगी रंगाचं चमचाभर औषध टोचलं, हनुवटी यंत्रावर टेकवली आणि निळ्या प्रकाशाचे लखलखाट सुरू झाले. हातात टोचलेला रंग हृदयातून फिरून डोळ्यात पोचायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. समोरच्या संगणकावर माझाच पडदा उजळला. काळ्याभोर अंधारात फांद्या-डहाळ्यांसह एखादं झाड चांदण्यानं माखावं, तशा रक्तवाहिन्या दिसू लागल्या. झाड सुंदर होतं. पण दोन-तीन डहाळ्यांच्या टोकाशी चांदणं सांडल्यासारखं दिसत होतं.

"काका, हे बघा," डॉक्टर म्हणाल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील. "रंग शिरेच्या आत राहायला हवा. इथे तो बाहेर झिरपतोय. बॅरियर लीक होतोय तुमचा."

"बॅरियरला मराठीत काय म्हणायचं?" मी विचारलं. माणूस घाबरला की शब्दाच्या आड लपतो. निदान आम्हा कविमंडळींची ही जुनी खोड आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, "अडसर म्हणा ना."

त्या एका शब्दानं मला आजोळी नेलं. आमच्या आजोळच्या घराला मोठं दार होतं आणि त्याला आतून अडसर होता. दोन्ही बाजूंच्या भिंतींत भोकं आणि त्यात सरकवायचा सागवानी दांडा. रात्री सगळे आत आले की मामू अडसर लावायचे आणि तो नीट बसलाय की नाही हे एकदा हलवून पाहायचे. मग कंदील बारीक व्हायचा.

आज आपण अडसर म्हणतो तेव्हा आपल्या मनात अडचण असते, आडकाठी असते. पण विचार करा, भिंतीला कुणी अडसर लावत नाही. अडसर दाराला असतो. जिथे अडसर आहे तिथे दार आहेच, आणि दार आहे याचा अर्थ कुणीतरी आत येणार आहे, कुणीतरी बाहेर जाणार आहे. रक्त आणि डोळ्याचा पडदा यांच्यामधल्या अडसराचा इतिहास मी त्यानंतर वाचत गेलो. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, बी.ए.पर्यंत शिकलेला कवितेचा माणूस. तरीही तो इतिहास मला ओळखीचा वाटला. शास्त्रज्ञांना आधी भिंत दिसली. बऱ्याच वर्षांनी त्या भिंतीतली दारं दिसली. आणि अगदी अलीकडे, त्या दारांवरचे पहारेकरी दिसले. ती गोष्ट आज सांगायची आहे.

गोष्टीची सुरुवात बगदादमध्ये होते. नवव्या शतकात तिथे हुनैन इब्न इसहाक नावाचा वैद्य होऊन गेला. धर्मानं ख्रिस्ती, लेखन अरबी आणि सिरियाक भाषांत, आश्रय अब्बासी खलिफांचा. ग्रीक वैद्यकातले कितीतरी ग्रंथ त्यानं अरबीत आणले. डोळ्यावर त्याचे दहा प्रबंध आहेत. माक्स मायरहोफ यांनी १९२८ मध्ये कैरोहून ते इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले. पाहण्याचं मुख्य काम डोळ्यातलं भिंग करतं, अशी त्या काळची समजूत होती. आता प्रश्न असा, की रक्त लाल आणि भिंग तर निर्मळ, पारदर्शक. मग लालभडक रक्तानं या निर्मळ वस्तूचं पोषण कसं व्हायचं? गॅलेन या ग्रीक वैद्याचा धागा धरून हुनैन सांगतो, की मधे पायऱ्या आहेत. रक्तातलं अन्न आधी जाळीसारख्या पडद्याशी येतं, तिथून काचेसारख्या रसात जातं आणि तिथे निवळून मग भिंगाला मिळतं.

या उत्तरातला तपशील आज कुणी मानत नाही. पण प्रश्न किती अचूक होता पाहा! रक्ताशिवाय डोळा जगत नाही आणि रक्त जसंच्या तसं आत आलं तर डोळ्याला दिसत नाही. मग रक्तातलं नेमकं काय आत येतं आणि कसं? हुनैनच्या अरबीत त्या पडद्याचं नाव शबकिया. शबका म्हणजे जाळं. अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली तेव्हा त्याच अर्थाचा 'रेटिना' हा शब्द रूढ झाला. आपण पुस्तकात दृष्टिपटल म्हणतो आणि दवाखान्यात नुसता पडदा.

हा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. दिसायला ओल्या टिपकागदासारखा, पण मुळात तो मेंदूचाच तुकडा आहे. आईच्या पोटात असताना मेंदूतून देठासारखा कोंब फुटतो आणि त्याच्या टोकाशी हा पडदा तयार होतो. म्हणून त्याचे लाड मेंदूसारखेच. भूक मोठी, साखर आणि प्राणवायू सतत हवा. आणि सोवळंही तितकंच कडक. आजूबाजूच्या पाण्यातले क्षार जरासे इकडचे तिकडे झाले की मज्जापेशींचे संदेश बिघडतात. जास्तीचं पाणी शिरलं तर पडदा सुजतो आणि नजर धूसर होते. भूक आणि सोवळं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या, म्हणून अडसर.

हा अडसर माणसाच्या नजरेला पडला तो रंगामुळे. १८७१ मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं फ्लुओरेसीन नावाचा रंग तयार केला. निळ्या प्रकाशात तो हिरवट पिवळा चमकतो. सहा वर्षांनी या रंगानं एक मजेदार काम केलं. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी एके ठिकाणी पात्रातल्या भेगांत गडप होतं. जातं कुठे? ऑक्टोबर १८७७ मध्ये दहा किलो रंग त्या भेगांच्या तोंडाशी नदीत ओतला. सुमारे साठ तासांनी बारा किलोमीटरवरचा आख नावाचा झरा हिरवागार चमकू लागला. हा झरा पुढे ऱ्हाईन नदीला मिळतो. म्हणजे एका नदीचं पाणी डोंगराच्या पोटातून दुसऱ्या नदीत जात होतं! डोळ्याला न दिसणारी वाट रंगानं दाखवली. तोच रंग माझ्या हातात टोचला होता, त्याच कामासाठी.

शरीरातल्या वाटा शोधायला रंग वापरण्याची कल्पना रुजवली ती पाउल एर्लिख यांनी. १८८२ मध्ये त्यांनी फ्लुओरेसीन सशाच्या डोळ्याच्या अभ्यासासाठी वापरलं. १८८५ मध्ये त्यांनी आणखी एक नोंद केली. काही रंग प्राण्याच्या रक्तात टोचले तर सगळे अवयव रंगतात, पण मेंदू कोराच राहतो. एर्लिखना वाटलं, मेंदूला त्या रंगाची ओढच नसावी. पुढे त्यांचे सहकारी एडविन गोल्डमान यांनी उलट प्रयोग केला. ट्रिपान ब्लू नावाचा निळा रंग त्यांनी थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू निळा झाला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. म्हणजे ओढ असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता. मधे काहीतरी आडवं होतं. हे साल १९१३. त्याच वर्षी ओटो श्नाउडिगेल या जर्मन नेत्रवैद्यानं सशांच्या रक्तात हाच निळा रंग टोचून डोळे तपासले आणि पाहिलं, की पडदाही मेंदूसारखाच रंगाला दाद देत नाही. रक्त आणि पडदा यांच्यामधल्या अडसराची ही पहिली खूण.

पण हा अडसर आहे तरी कुठे? श्नाउडिगेलच्या सूक्ष्मदर्शकात तो दिसण्यासारखा नव्हता. मधे दोन महायुद्धं गेली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. १९६६ मध्ये लंडनला नॉर्मन अ‍ॅश्टन यांच्याकडे काम करणाऱ्या एका तरुण पोर्तुगीज डॉक्टरानं उत्तर छापलं. त्याचं नाव झोझे कुन्या-वाझ. ही आडनावं आपण गोव्यात ऐकतो. हे गृहस्थ मात्र पोर्तुगालच्या कोइंब्रा गावचे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना कडेकडेनं शिवल्यासारख्या चिकटलेल्या असतात. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांना फटी असतात, कुठे कुठे चक्क झरोके असतात. इथे फट नाही.

पुढे चित्र पूर्ण झालं तेव्हा कळलं, की या वाड्याला तट दोन आहेत. आतला तट पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांचा. बाहेरचा तट पडद्यामागच्या काळपट पेशींच्या एका थराचा. या थराच्या पलीकडे रक्ताचा मोठा बाजार भरलेला असतो. तिथल्या वाहिन्या झरोक्यांच्या. रंग तिथून खुशाल बाहेर सांडतो. पण काळ्या पेशींच्या थराशी येऊन थांबतो. त्या पेशीही एकमेकींना घट्ट शिवलेल्या.

इथवर आली ती भिंतीची गोष्ट. खरी गंमत पुढे आहे. फटच नसेल तर अन्न आत कसं येतं? प्राणवायूसारखा बारीक, तेलात सहज मिसळणारा रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणातून आरपार जातो; त्याला दार लागत नाही. पण साखर, जीवनसत्त्वं, प्रथिनांचे घटक यांना ते जमत नाही. त्यांना पेशीच्या पोटातूनच यावं लागतं. पलीकडून आत, आणि अलीकडून बाहेर. त्यासाठी पेशीच्या आवरणात खास प्रथिनं बसवलेली असतात. तीच ही दारं.

पहिला मोठा पुरावा १९६७ मध्ये पुन्हा कुन्या-वाझ यांनीच, डेव्हिड मॉरिस यांच्याबरोबर दिला. या वेळी त्यांनी फ्लुओरेसीन रक्तात न टोचता सशाच्या डोळ्याच्या पोटात, त्या काचेसारख्या रसात सोडलं. अडसर नुसती भिंत असता तर जसा रंग बाहेरून आत येत नाही तसाच आतून बाहेरही गेला नसता. पण तो गेला, आणि भरभर गेला. पडद्यातूनच बाहेर ओढला गेला. ही वाहतूक अडवणारं औषध दिल्यावर मात्र आतच रेंगाळला. म्हणजे कुणीतरी तो उपसून टाकत होतं.

आपल्याकडे विहिरीवर मोट चालायची ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन समजेल. पाटाचं पाणी उतारानं आपलं आपण जातं. विहिरीतलं पाणी वर आणायचं तर मोट लागते, नाडा लागतो, बैल लागतात. पेशीतही असंच आहे. जिकडे कमी आहे तिकडे आपोआप जाणं हा पाट. कमी असलेल्या जागेतून जास्त असलेल्या जागेकडे ओढणं ही मोट, आणि तिला ऊर्जेचे बैल लागतात. डोळ्यात नको असलेली रसायनं बाहेर टाकायला ही मोट अष्टौप्रहर चालू असते.

पाटाचं उत्तम उदाहरण साखरेचं. या साखरेच्या दाराची संपूर्ण घडण, म्हणजे ४९२ अमिनो आम्लांची माळ, १९८५ मध्ये अमेरिकेत माइक म्यूकलर आणि सहकाऱ्यांनी वाचली. ग्लूट-वन हे त्याचं नाव. डोळ्याच्या दोन्ही तटांवर हेच दार आहे. ते दुहेरी दारासारखं चालतं. बाहेरची झडप उघडते, साखरेचा रेणू आत शिरतो, बाहेरची झडप मिटते, आतली उघडते. दोन्ही एकाच वेळी कधीच उघडी नसतात. २०१४ मध्ये बीजिंगमध्ये निएंग यान यांच्या गटानं या दाराचा नकाशा अणू-अणूपर्यंत काढला. त्यात आतली झडप उघडी असतानाची स्थिती दिसते.

इथे माझ्यासारख्या मधुमेह्यानं कान टवकारावेत अशी एक गोष्ट आहे. स्नायूंमधल्या साखरेच्या दाराला इन्शुलिनची किल्ली लागते. ग्लूट-वनला ती लागत नाही. मेंदूची आणि डोळ्याची उपासमार होऊ नये म्हणून ही सोय. पण हीच सोय उलटते. रक्तात साखर वाढली, की ती उतारानं या दारातून येतच राहते. पहारेकरी बेइमान नाही, उलट तो हुकुमाचा इतका पक्का आहे की पुरे झालं हे त्याला कळत नाही. बाहेरच्या साखरेवर ताबा आपणच ठेवायचा.

याच दारातून आणखी एक पाहुणा वेष पालटून येतो. क जीवनसत्त्व, म्हणजे आवळ्या-लिंबातलं. जपानमधल्या तोयामा विद्यापीठातल्या केनइची होसोया यांच्या गटानं उंदरांच्या पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि कोणता रेणू कोणत्या दारानं जातो याची जणू वहीच भरली. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं, की क जीवनसत्त्वाचं थोडं बदललेलं रूप साखरेच्या दारातून आत येतं आणि आत गेल्यावर पुन्हा मूळ रूप घेतं. आता दार एकच आणि गिऱ्हाईकं दोन. रक्तात साखरेची गर्दी झाली तर बिचाऱ्या क जीवनसत्त्वाला वाट कशी मिळायची?

मला स्वतःला सर्वांत भावली ती अ जीवनसत्त्वाची गोष्ट. रातांधळेपणावर काळीज खायला देणं हा जगातला जुना उपाय. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतले ग्रीक वैद्य बैलाचं कच्चं काळीज मधात बुडवून द्यायचे. काळीज म्हणजे इथे यकृत, खाटकाकडे मिळते ती कलेजी. आमच्या दादीमा शेजारपाजारच्या पोरांना संध्याकाळी ठेचकाळताना पाहिलं की म्हणायच्या, याला कलेजी खाऊ घाला. काळजाचा आणि डोळ्याचा संबंध काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. उर्दू शायरीत मात्र जिगर आणि नजर यांची जोडी शतकानुशतकं चालत आली आहे. जिगर म्हणजे शब्दशः यकृतच. शायर म्हणतात, नजर जिगरपर्यंत पोचते. शरीरशास्त्र म्हणतं, जिगर नजरेपर्यंत पोचतं.

कसं, ते कळायला एकशेतीस वर्षं लागली. १८७६ मध्ये रोममध्ये फ्रान्झ बोल या तरुण जर्मन शास्त्रज्ञानं पाहिलं, की बेडकाचा पडदा अंधारात तांबडा असतो आणि उजेडात फिका पडतो. तीन वर्षांनी, अवघ्या तिसाव्या वर्षी, क्षयानं तो गेला. हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने यांनी काम पुढे नेलं. पडदा मागच्या काळ्या थरापासून सोडवला तर गेलेला रंग परत येत नाही; पुन्हा त्या थरावर ठेवला तर येतो. म्हणजे रंग परतवणारी वस्तू बाहेरच्या तटातून मिळत होती. १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना पडद्यात अ जीवनसत्त्व सापडलं आणि कोडं अर्धं सुटलं; १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. पण हे जीवनसत्त्व साठतं यकृतात, आणि पाण्यात तर विरघळत नाही. मग रक्तातून येतं कसं? १९६८ मध्ये न्यूयॉर्कला डी-विट गुडमन आणि सहकाऱ्यांनी त्याची पालखी शोधली. यकृत एक खास प्रथिन तयार करतं आणि त्याच्या पोटात अ जीवनसत्त्व बसवून पाठवतं. आणि ही पालखी कोणत्या दाराशी उतरते, ते दार २००७ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या हुइ सन यांच्या गटाला सापडलं. स्ट्रा-सिक्स असं त्याचं नाव. पालखी काळ्या पेशींच्या उंबऱ्याशी येते, दार तिला ओळखतं, आतला पाहुणा उतरवून घेतं आणि रिकामी पालखी माघारी जाते.

आपल्या देशात १९७० पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. अंगणवाडीत चमच्यानं पाजलेलं ते पिवळं औषध यकृतात साठतं आणि महिनोन् महिने तिथून पालख्या निघत राहतात. दादीमांना हे सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या असत्या, मी दुसरं काय सांगत होते?

आता शेवटचा भाग, अडसर निखळण्याचा. १९६० च्या सुमारास अमेरिकेत इंडियानापोलिसला हॅरल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड अल्व्हिस हे वैद्यकाचे दोन विद्यार्थी पडद्यातल्या रक्तप्रवाहाचे फोटो काढायच्या खटपटीत होते. फ्लुओरेसीन टोचून निळ्या प्रकाशात फोटो घ्यायचा. पण कुणाला टोचायचं? नाणं उडवलं. अल्व्हिस हरला आणि त्याचा डोळा पहिला ठरला. हा लेख नेत्रविज्ञानाच्या एका नियतकालिकानं साभार परत केला. साभार परतीचं दुःख मला चांगलंच ठाऊक आहे, म्हणून हे वाचून फार बरं वाटलं. शेवटी १९६१ मध्ये हृदयरोगाच्या नियतकालिकात तो छापून आला आणि जगभरचे नेत्रतज्ज्ञ ती पद्धत वापरू लागले. माझी तपासणी ती हीच. अलीकडे रंग न टोचताही पडद्याची सूज मोजणारी यंत्रं आली आहेत, पण गळती नेमकी कुठे आहे हे पाहायचं असेल तर आजही हाच रंग कामी येतो.

१९७५ मध्ये कोइंब्राहून कुन्या-वाझ यांनी आणखी एक निबंध प्रसिद्ध केला, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डोळ्याच्या पोटात किती रंग झिरपला हे मोजून त्यांनी सांगितलं, की मधुमेही माणसाचा पडदा वरून निरोगी दिसत असतानाच अडसर सैल व्हायला लागलेला असू शकतो. ना दुखणं, ना लाली, ना पाणी. नजरही चांगली. आणि आत गळती सुरू.

ही ओळ वाचली आणि मला अम्मी आठवली. तिला साखरेचा त्रास होता. गोळ्या कधी घेई, कधी विसरे. डोळे दुखत नाहीत ना, मग दाखवायचे कशाला, असं तीही म्हणायची आणि आम्हीही. एकदा मे महिन्यातल्या भर दुपारी ओट्यावर बसून तिनं मला विचारलं, "बाहेर धुकं पडलंय का रे?" ऊन असं होतं की अंगणातली फरशी पायाला चटके देत होती. मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतेय. त्या धुक्याचं कारण कळेपर्यंत दोन्ही डोळ्यांतलं बरंचसं गेलं होतं. पुढची सहा वर्षं ती मला आवाजानं ओळखायची. माझा पहिला कवितासंग्रह निघाला तेव्हा तिनं मुखपृष्ठावर हात फिरवून विचारलं, "कोणता रंग आहे?"

तिच्या वेळी डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. लेसर होतं, तेही वेळेत जाणाऱ्यासाठी. नंतर ज्ञान वेगानं वाढलं. १९८३ मध्ये बॉस्टनला डोनाल्ड सेन्गर आणि हॅरल्ड ड्वोराक यांना गाठीच्या अभ्यासात रक्तवाहिन्या पाझरायला लावणारं एक प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन ओळखलं. दोन्ही एकच निघाली. आज त्याला व्हीईजीएफ म्हणतात. १९९४ मध्ये मधुमेहानं बिघडलेल्या डोळ्यांत ते भरपूर असल्याचं दिसलं. उपाशी पडलेला पडदा हाकाटी करतो, ती ही हाक. ती ऐकून पेशींचे टाके उसवतात, पाणी झिरपतं, पडदा सुजतो.

या प्रथिनाला गप्प करणारी औषधं आली. पहिल्यांदा ती म्हातारपणच्या पडद्याच्या विकारावर वापरात आली. रॅनिबिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००६ मध्ये त्यासाठी मान्यता मिळाली आणि २०१२ मध्ये मधुमेहातल्या सुजेसाठीही. पण इथे अडसराची दुसरी बाजू समोर येते. हे औषध म्हणजे मोठाले रेणू. त्यांच्या नावाचं दार तटात नाही. पोटातून घ्या, शिरेतून घ्या, डोळ्यात थेंब टाका, पडद्यापर्यंत पुरेसं पोचणं कठीण. जो अडसर विषाला अडवतो तोच औषधालाही अडवतो. म्हणून सुई थेट डोळ्याच्या पोटात घालावी लागते. भिंतीवरून आत उतरावं तसं. मला अशी तीन इंजेक्शनं झाली. ऐकून अंगावर काटा येतो, पण डोळा आधी बधिर केलेला असतो आणि दोन मिनिटांचं काम असतं. आता संशोधकांचा एक प्रयत्न असा आहे, की औषधाला ओळखीच्या पाहुण्याचा वेष द्यावा, म्हणजे पहारेकरी आपणहून दार उघडेल. क जीवनसत्त्व हेच तर करत आलं आहे.

श्रोतेहो, हुनैनच्या प्रश्नापासून आपण इथवर आलो. लाल रक्तातून निर्मळ डोळ्यात काय जातं आणि कसं जातं, याचं बरंच उत्तर आता मिळालं आहे. ते शोधणाऱ्यांत बगदाद होतं, फ्रँकफर्ट-हायडेलबर्ग होतं, कोइंब्रा, तोयामा, बीजिंग होतं. कुणी रंग टोचला, कुणी स्वतःला टोचून घेतला. या सगळ्यांच्या कष्टांतून आपल्यापर्यंत आलेली व्यवहाराची गोष्ट मात्र दोन ओळींची आहे. मधुमेह असेल तर रक्तातली साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. आणि डोळे दुखोत न दुखोत, वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब टाकून, बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घ्या. घरात अम्मी असेल, आई असेल, तर तिला हाताला धरून घेऊन जा. ती नको म्हणेल. तरी न्या.

आमचं आजोळचं घर आता राहिलं नाही. अडसर कुणी नेला, कुणास ठाऊक. पण झोपण्यापूर्वी मामू त्याला हात घालून हलवून पाहायचे, तो लाकडाचा आवाज मला अजून ऐकू येतो. चोर आल्याची चाहूल लागली म्हणून ते तसं करत नसत. रोज करायचे, काही झालेलं नसताना करायचे.